पानाला पाठ असते

लहानपणी आमच्यात खेळांची वाटणी झालेली होती. बुद्धिबळ दादाचं, पत्ते माझे. तो पट मांडून बसला की मला हाक मारायचा, आणि मी जायचे, कारण त्याला समोर कुणीतरी हवं असायचं. जायचे आणि हरायचे. मग मी पत्त्यांचा कॅट काढायचे आणि तो नाइलाजानं मांडी घालून बसायचा. तिथे कधी तो हरायचा, कधी मी. खरा फरक हरल्यानंतर दिसायचा. पत्त्यांत हरला की दादा हातातली पानं खाली टाकायचा आणि म्हणायचा, “पानंच नव्हती.” की लगेच पुढचा डाव. बुद्धिबळात हरल्यावर मला तसं म्हणायची सोय नव्हती. त्याच्याकडे १६ सोंगट्या होत्या, माझ्याकडेही १६च होत्या. कुणी पिसल्या नव्हत्या, कुणी वाटल्या नव्हत्या. हरले ती मीच हरले.

हा सल माझ्या मनात किती खोल गेला होता ते मोठेपणी कळलं. दोन वर्षांपूर्वी दादा आठवडाभर राहायला आला, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी त्याला म्हटलं, “दादा, आपण एक खेळ करू. दोघांचा. पत्त्यांचा, पण बुद्धिबळासारखा. असा, की हरल्यावर तुला ‘पानंच नव्हती’ म्हणता येणार नाही.” तो हसला, पण उठून गेला नाही. एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर नियम लिहायला सुरुवात केली. त्या वहीची आता ४३ पानं भरली आहेत. त्यातली निम्म्याहून अधिक खोडलेली आहेत, आणि मला ती खोडलेलीच जास्त आवडतात.

पहिला खेळ आम्ही तासाभरात केला आणि तासाभरातच टाकून दिला. कल्पना अशी : पानांना सोंगट्यांची नावं द्यायची. राजा तो राजा, राणी तो वजीर, एक्का हत्ती, दश्शी उंट, गुलाम घोडा, दुर्री ते पंजी ही प्यादी. कॅट पिसायचा, वाटायचा, एकेक पान टाकायचं, मोठं पान लहानाला मारणार. दोन डाव झाले आणि दादानं पानं खाली ठेवली. “अगं, यात बुद्धिबळ कुठे आहे? इथे प्यादं वजिराला मारूच शकत नाही.”

त्याचं ते वाक्य मी वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. इतकी वर्षं दोन्ही खेळ खेळूनही माझ्या लक्षात न आलेली गोष्ट त्यात होती. पत्त्यांत पानाचं मोल म्हणजे ते कुणाला मारू शकतं. राणी गुलामाला मारते, गुलाम दश्शीला मारतो, उतरंड ठरलेली. बुद्धिबळात तशी उतरंडच नाही. तिथे कुणीही कुणालाही मारू शकतं. आपण प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९ असे गुण धरतो ते मारण्याच्या ताकदीचे नसतात, पोचण्याच्या ताकदीचे असतात. वजीर मोठा, कारण तो एका जागेवर उभा राहून चहूकडे पोचतो. प्यादं लहान, कारण ते तिरकं एक घरच मारतं. पण त्या एका घरात वजीर येऊन उभा राहिला तर प्यादं त्याला उचलतं, आणि त्यात नवल कुणालाच वाटत नाही.

म्हणजे पानांवर सोंगट्यांची नावं लिहून भागणार नव्हतं. पानांना पोचायला जागा द्यायला हवी होती.

इथे जरा नावांबद्दल, कारण यावरून आमचा अर्धा दिवस गेला. राणीला वजीर म्हणायला दादाचा विरोध होता. पण आपल्या बुद्धिबळात राणी नाहीच, आणि इंग्रजी कॅटमध्ये वजीर नाही. गंजिफ्याच्या गोल पानांत मात्र प्रत्येक रंगाला चित्रांची पानं दोनच : राजा आणि वजीर. स्पॅनिश कॅटमध्ये राणी नसते, तिथे राजाच्या खालोखाल घोडेस्वार असतो. म्हणजे हे दोन खेळ जगात फिरता फिरता एकमेकांच्या दरबारात डोकावून गेलेले आहेत. त्यामुळे गुलामाला घोडा करताना मला जराही अवघड वाटलं नाही. राणीचा वजीरही शेवटी दादानं मान्य केला.

दुसरा खेळ असा. लाल पानं माझी, काळी दादाची. प्रत्येकाला १६ पानं : एक राजा, एक राणी, दोन एक्के, दोन दश्श्या, दोन गुलाम, आणि दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी दोन्ही रंगांच्या, म्हणजे आठ प्यादी. ५२तली ३२ पानं लागतात, २० बाजूला राहतात. पटावरच्या सोंगट्याही ३२, आणि योगायोग म्हणजे पिके नावाचा दोघांचा जुना फ्रेंच पत्त्यांचा खेळही ३२ पानांचाच. पिसायचं नाही, वाटायचं नाही. पत्त्यांच्या खेळात पिसणं नाही हे मला सुरुवातीला फार चमत्कारिक वाटलं, हात शिवशिवायचे. पण ५२ पानं पिसली की क्रमांची संख्या ६८ अंकी होते. तेवढ्या मोठ्या योगायोगाला दारातून आत घेतलं की मग कौशल्याला बसायला जागा कुठे उरणार?

प्रत्येकानं आपल्यापुढे सहा पानांची एक ओळ मांडायची. दोन ओळी समोरासमोर, पटावरच्या लागून असलेल्या दोन ओळींसारख्या. उरलेली दहा पानं हातात. ओळीतलं पान समोरच्या ओळीवर मारतं, आणि कुठे मारतं ते बुद्धिबळानं ठरवलेलं. हत्ती नाकासमोरच्या घरावर. उंट नाकासमोरचं सोडून त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांवर, म्हणजे तिरका. घोडा दोन घरं बाजूला, जसा तो पटावर पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत उडी मारताना पडतो. राजा समोर आणि तिरका. मारणारं पान आपल्याच घरात राहतं, मेलेलं पान मारणाऱ्याच्या ढिगात जातं, आणि रिकाम्या झालेल्या घरात मालक पुढच्या एखाद्या चालीत हातातलं पान भरू शकतो. या भरण्याला आम्ही भरती म्हणतो.

वजिरापाशी अडलं. दोनच ओळी असल्या की वजिराला तीनच घरं मिळतात, समोरचं आणि दोन तिरकी, म्हणजे राजाइतकीच. एवढा मोठा वजीर आणि त्याची धाव राजाएवढी! दादा म्हणाला, जुन्या खेळात तो याहूनही लहान होता. खरंच होता. शतरंजमध्ये वजीर तिरकं एकच घर चालायचा, आजची लांब धाव त्याला १५व्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. मग आम्हीही त्याला धाव दिली : घोड्याची घरं सोडून समोरच्या ओळीत कुठेही. घोड्याची घरं मुद्दाम सोडली. पटावर वजीर सगळ्यांसारखा चालतो, फक्त घोड्यासारखा चालत नाही, आणि तेवढं पथ्य मला पाळायचं होतं.

हा खेळ आम्ही सगळी पानं उघडी ठेवून खेळलो. चार दिवस. आणि चौथ्या दिवशी आम्ही दोघंही गप्प होऊन बसलो होतो. चुकत काहीच नव्हतं. पण ज्याची पहिली चाल तो पहिला मारणार, मग दुसरा मारणार, आणि सहा-सहा पानांत पुढचं सगळं डोळ्यांपुढे स्वच्छ. बुद्धिबळातही पहिल्या चालीचा फायदा असतोच, पांढऱ्याच्या वाट्याला १००तले साधारण ५४-५५ गुण येतात. पण तिथे पट एवढा अथांग आहे की तो फायदा बुडून जातो. आमच्या दोन ओळींत तो तरंगत होता. झर्मेलो नावाच्या गणितज्ञानं १९१३ साली बुद्धिबळाबद्दल जे दाखवलं ते असं, की जिथे सगळं उघडं आहे आणि खेळ संपणारा आहे, तिथे एकतर कुणा एकाला हमखास जिंकता येतं किंवा दोघांनाही निदान बरोबरी राखता येते. पटावर ते उत्तर आजवर कुणाला सापडलेलं नाही, म्हणून खेळ जिवंत आहे. आमच्या खेळाचं उत्तर दादा चौथ्या दिवशी कागदावर मांडत होता.

त्या रात्री मी टेबल आवरत होते. पानं गोळा करताना एक पान हातून पालथं पडलं. कुठलं ते मला दिसेना, आणि दिसेना म्हणून मी थांबले. सोंगटी कशीही ठेवली तरी ती घोडा आहे की उंट आहे हे सगळ्यांना दिसतं. पानाला पाठ असते. सोंगटीला नसते. आणि आम्ही चार दिवस पानांना सोंगट्यांसारखं वागवत होतो.

दादा झोपला होता. मी वहीत एवढंच लिहिलं : ओळ पालथी मांडायची.

सकाळी खेळलो आणि खेळ एकदम श्वास घ्यायला लागला. आता पान मारायला निघालं की उलटायचं, आणि एकदा उलटलं की उघडंच राहायचं. म्हणजे प्रत्येक हल्ल्याची किंमत तुमचं गुपित. प्याद्याचा तिढाही इथेच सुटला. प्यादं तिरकं मारतं, उंटासारखंच, मग दोघांत फरक काय? फरक हा, की उंट पालथ्या पानावरही मारतो, प्याद्याला मात्र फक्त उघड्या पानावर मारता येतं. जो पुढे आला, ज्यानं तोंड दाखवलं, त्यालाच प्यादं गाठतं. यामुळे मोठ्या पानांना हल्ला करताना प्याद्यांची भीती वाटायला लागली, आणि ती वाटायलाच हवी होती.

पण यात एक भयंकर खोट होती. तिसऱ्याच डावात दादाची पहिली चाल, आणि त्यानं एक्का उलटून माझ्या समोरच्या घरावर मारला. तिथे माझा राजा होता. खेळ संपला. मी एकही पान खेळले नव्हते. दादाचा चेहरा माझ्यापेक्षा पडला. सहा घरं, त्यातल्या एकावर बाण. याला कौशल्य कोण म्हणेल? ज्या नशिबाला दारातून हाकललं होतं ते खिडकीतून आत आलं होतं.

बुद्धिबळाच्या इतिहासातही नशीब आत-बाहेर करत राहिलेलं आहे. अकराव्या शतकात अल बिरूनीनं चौघांच्या बुद्धिबळाचं वर्णन केलं आहे, त्यात फासे टाकून कुठली सोंगटी चालायची ते ठरत असे. फासे गेले, खेळ उरला. आमच्याकडे फासे नव्हतेच, पण आंधळा बाण होता, आणि तो काढायला मदत आली ती बुद्धिबळातल्या सगळ्यात जुन्या सभ्यतेची. पटावर राजा मरत नाही. त्याला आधी सांगावं लागतं : शह.

मग नियम असा झाला. पालथ्या राजावर घाव पडला की तो मरत नाही. मालकानं राजा उघडा करायचा आणि स्वतःच्या तोंडानं ‘शह’ म्हणायचं. त्यानंतर त्याला एक चाल मिळते. शह देणारं पान मारायचं, नाहीतर राजाला शेजारच्या घरात सरकवायचं, तिथलं पान राजाच्या जागी. सरकलेल्या घरावर समोरच्या कुठल्याही उघड्या पानाचा टप्पा नसावा. दोन्ही जमलं नाही तर मात. आता आंधळा बाण लागला तरी तो डावाचा शेवट नसतो, ती एका गोष्टीची सुरुवात असते. आणि गंमत म्हणजे राजा उघडा पडल्यावर दादा जास्त चांगलं खेळतो.

ज्याच्यावर शह आहे त्यानंच तो बोलायचा, हे मला फार आवडतं. खरं तर दुसरा इलाजही नाही, पालथ्या पानाखाली राजा आहे हे त्यालाच माहीत. १८९९मध्ये इंग्लंडात क्रीगश्पील नावाचा बुद्धिबळाचा प्रकार निघाला, त्यात एकमेकांच्या सोंगट्या दिसत नाहीत. पण तिथे तीन पट लागतात आणि सगळं पाहणारा एक पंच मध्ये बसवावा लागतो. आमच्याकडे पंच नाही. पान पालथं पडलेलं आहे, ते उलटलं की तेच साक्ष देतं. दोघांनी बसायचं आणि दोघांनीच निभवायचं.

झाकलेलं असणं आणि नशिबाचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे पहिल्यांदा नीट उमगलं. गूफ्श्पील म्हणून एक खेळ आहे. दोघांना एकेका रंगाची १३-१३ पानं, अगदी सारखी, आणि तिसऱ्या रंगाचं एकेक पान बक्षीस म्हणून उलटायचं, त्यावर दोघांनी आपापलं पान झाकून लावायचं. हातात काय आलं याचं नशीब तिथे शून्य. तरीही समोरचा काय लावेल हे कळत नाही. ते न कळणं पिसण्यातून आलेलं नसतं, समोरच्या माणसाच्या मनातून आलेलं असतं. पिसलेल्या कॅटशी वाद घालता येत नाही. समोरच्या मनाचा अंदाज बांधता येतो, तो चुकू शकतो, आणि चुकला तर कुठे चुकला हे शोधता येतं.

राजा कुठे लपवायचा याचंच पाहा. दादा सुरुवातीला नेहमी कोपऱ्यात ठेवायचा, आणि त्याचा हिशोब बरोबर होता. कोपऱ्यातल्या घरावर हत्ती एका घरातून पोचतो, उंट एकाच घरातून, घोडाही एकाच. मधल्या घरावर उंट दोन घरांतून पोचतो, घोडाही दोन घरांतून. म्हणजे कोपरा सुरक्षित. पण शह बसला की कोपऱ्यातल्या राजाला सरकायला एकच शेजार असतो, मधल्याला दोन. लपायला कोपरा चांगला, पळायला मध्य चांगला. कुठलं निवडायचं ते तुमच्या स्वभावावर, आणि समोरच्याला तुमचा स्वभाव किती ठाऊक आहे त्यावर. मी दादाला चाळीस वर्षं ओळखते. तोही मला.

सहा पानांची ओळ किती तऱ्हांनी मांडता येते ते दादानं एका दुपारी मोजलं. राजा त्यात हवाच, बाकी पाच पानं कुठलीही, प्यादी सगळी सारखी धरून. आकडा आला १०,७४६. मी दुसऱ्या वाटेनं मोजून पाहिला, तोच आला. बॉबी फिशरनं १९९६ साली मागच्या ओळीतल्या सोंगट्यांची मांडणी बदलून खेळायचं जे बुद्धिबळ जाहीर केलं, त्यात मांडण्या ९६०. पण तिथे त्या दोघांनाही दिसतात आणि दोघांच्या सारख्याच असतात. आमच्याकडे माझ्या १०,७४६ आणि त्याच्या १०,७४६, स्वतंत्र. गुणाकार साडेअकरा कोटींच्या घरात जातो. झर्मेलोची भीती मग राहिली नाही.

नियम सुचणं वेगळं आणि नियम लिहिणं वेगळं. मला वाटायचं, खेळायला येतं म्हणजे लिहिता येईल. एकदा दादा गावी परतल्यावर मी नियमांची सुवाच्य प्रत काढून त्याला पाठवली. त्यात एक वाक्य होतं, ‘घोडा डावीकडचं किंवा उजवीकडचं दुसरं घर मारतो.’ त्याचा फोन आला, “दुसरं म्हणजे? शेजारचं पहिलं धरून दुसरं, की समोरचं पहिलं धरून दुसरं?” मी रागावले, कारण मला ते इतकं उघड वाटत होतं. मग मी ते वाक्य कधीच न खेळलेल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचलं. दोन्ही अर्थ निघत होते. समोरच्या घराला एक धरलं तर ‘दुसरं’ म्हणजे उंटाचं घर. शिवाय समोरासमोर बसल्यावर माझं डावं ते त्याचं उजवं. माझं पहिलं घर त्याच्या सहाव्यासमोर. शेवटी डावं-उजवं हे शब्दच काढून टाकले आणि घरांना १ ते ६ आकडे दिले, पहिली चाल ज्याची त्याच्या डाव्या हातापासून, दोघांसाठी तेच. आता घोड्याचा नियम वहीत असा आहे : ‘३ मधला घोडा १ किंवा ५ वर मारतो.’ सूत्रापेक्षा उदाहरण कधीकधी जास्त प्रामाणिक असतं.

पास म्हणायची सोय आम्ही ठेवली नाही. बुद्धिबळात नाही, मग इथेही नाही. चाल आली की काहीतरी करायचंच : मारायचं, भरती करायची, किंवा डावात एकदाच मिळणारी अदलाबदल, म्हणजे आपली कुठलीही दोन पालथी पानं न दाखवता जागा बदलून ठेवायची. ही आमची किल्लेबंदी. त्यात राजा असेल किंवा दोन प्यादी असतील, समोरच्यानं ओळखावं. आणि उलटलेलं पान कुठेच पोचत नसेल तर ते उघडं राहतं, चाल गेली. दादानं याचा उपयोग शोधला. काही करणं अंगाशी येणार असेल तेव्हा तो बाजूचं एखादं प्यादं नुसतं उलटतो. पासच तो, पण विकत घेतलेला. मी नियम बदलायचा विचार केला आणि मग बदलला नाही. किंमत मोजून घेतलेल्या गोष्टीला पळवाट कसं म्हणायचं?

न संपणारा डाव ही दादाची जुनी भीती. बुद्धिबळात त्यासाठी ५० चालींचा नियम आहे, तीनदा तीच स्थिती आल्याचा नियम आहे. पुढे १९३५मध्ये जगज्जेता झालेल्या माक्स यूव्हेनं १९२९ साली गणितानं दाखवलं होतं, की चालींचा तोच क्रम लागोपाठ तीनदा आला की बरोबरी, एवढ्याच नियमावर भागवलं तर डाव अनंतकाळ चालू शकतो. म्हणून आम्ही मोजायला बसलो. दोघांच्या मिळून भरत्या जास्तीत जास्त २०. मारली जाऊ शकणारी पानं, राजे सोडून, ३०. अदलाबदली दोन. प्रत्येक पान एकदाच उलटतं, आणि राजाचं सरकणं सोडलं तर उघडं पान जागा सोडत नाही, त्यामुळे शहसुद्धा मोजकेच. सगळं जमेला धरून डाव १२० चालींच्या आत संपतोच. प्रत्यक्षात तो ३०-४० चालींत संपतो. कुणाची तरी चालच उरली नाही तर कोंडी. कोंडीत बुद्धिबळ आज बरोबरी मानतं, एकेकाळी इंग्लंडात कोंडी करणाराच हरला असं मानत. आम्ही ढिगातल्या पानांचे गुण मोजतो. आणि पहिल्या चालीचा फायदा फिटावा म्हणून दोन डावांचा एक सामना, दुसऱ्यात पहिली चाल दुसऱ्याची.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी वहीत नियमाच्या रूपात आहे पण तिच्यामागचं कारण तिथे लिहिलेलं नाही.

किलवरच्या एक्क्याचा एक कोपरा दुमडला होता. किती, तर नखाएवढा. पान पालथं ठेवलं की टेबलावर तो कोपरा केसभर वर उचललेला दिसायचा, आणि त्याखाली बारीक सावली पडायची. मला तो एका संध्याकाळी दिसला. दादाचा हत्ती कुठे आहे ते मला कळत होतं. त्या डावात मी कळलं तसं खेळले. पुढच्या डावातही. तिसऱ्यातही. मी स्वतःला सांगत होते, की पाहणं हेही कौशल्यच आहे, डोळे उघडे ठेवायला कुणी मना केलं आहे? तीनही डाव मी जिंकले, आणि तिसऱ्यानंतर दादा म्हणाला, “तू फार सुंदर खेळायला लागलीस.” त्याच्या आवाजात कौतुक होतं. लहानपणी पटावर मी ज्या आवाजासाठी बसायचे तोच.

मी पान उचलून त्याच्या हातात दिलं आणि कोपरा दाखवला. तो बराच वेळ तो कोपरा अंगठ्यानं दाबत राहिला. मग म्हणाला, “तीन डाव पुसून टाक.” बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी आम्ही नवा कॅट घेतला, आणि वहीत पहिला नियम म्हणून वरच्या मोकळ्या जागेत तिरक्या अक्षरांत लिहिलं : ‘मांडण्याआधी दोघांनी एकमेकांची १६ पानं पाठीकडून पाहून घ्यावीत.’ अक्षर माझं आहे.

गेल्या महिन्यातला डाव सांगते. माझी पहिली चाल होती. २२ चाली झाल्या होत्या. २ मध्ये माझा एक्का उघडा उभा, त्याच्यासमोरचं दादाचं २ रिकामं, ३ही रिकामं. ४ मध्ये एक पालथं पान. ५ मध्ये उघडी तिर्री, ६ मध्ये उघडा एक्का. आणि १ मध्ये पालथं पान, जे त्यानं सबंध डावात हलवलं नव्हतं. माझ्या ढिगात त्याची राणी होती, दोन्ही दश्श्या होत्या, एक गुलाम होता. मी ३ मधला गुलाम उलटला आणि १ वर मारला.

“शह,” दादा म्हणाला आणि इस्पिकचा राजा उघडा केला.

राजाला सरकायला फक्त २, आणि २ वर माझ्या हत्तीचा टप्पा. म्हणजे सरकता येत नव्हतं. माझा घोडा मारावा तर पोचणार कोण? ५ मधली तिर्री ४ आणि ६ वर मारते. एक्का ६ मध्ये, नाकासमोर ६. उरलं ४ मधलं पालथं पान. तिथून ३ वर वजीर पोचला असता, तो माझ्याकडे. उंट पोचला असता, दोन्ही माझ्याकडे. तिथे त्याचा उरलेला घोडा असेल तर तो २ आणि ६ वर मारतो. हत्ती असेल तर फक्त ४ वर. मी मनात दोनदा मोजलं आणि हात मांडीवर ठेवले.

दादानं ४ मधलं पान सावकाश उलटलं. किलवरची दुर्री.

माझा गुलाम उघडा होता. आताच, मीच उघडा केला होता. दुर्रीनं तिरकं उचलून त्याला ढिगात टाकलं. त्यानंतर माझ्याकडे शह द्यायला काही उरलं नाही, आणि सात चालींनी कोंडी झाली तेव्हा त्याचे गुण माझ्यापेक्षा दोननं जास्त भरले.

पानं गोळा करायला दादानं हात पुढे केला, तो मी थांबवला. दुर्री ४ मध्ये आली कधी? ते घर मीच रिकामं केलं होतं, त्याची दुसरी दश्शी मारून, आणि पुढच्याच चालीला त्यानं तिथे भरती केली होती. पान हातातून काढताना त्यानं क्षणभरही विचार केला नव्हता. ते मी पाहिलं होतं. मोठं पान ठेवताना तो थांबतो, नेहमी थांबतो. इतकी पक्की खूण डोळ्यांदेखत गेली होती आणि मी मोठ्या पानांचा हिशोब करत बसले होते.

“दुसरा डाव मांडू?” दादानं विचारलं.

“थांब,” मी म्हटलं. “आधी तुझी ती भरतीची चाल परत मांड.”

त्यानं दुर्री उचलली, हातातल्या पानांत घातली, आणि आम्ही तिथून मागे यायला लागलो.